जगातले विचित्र समुद्रकिनारे: फोटोतलं दृश्य प्रत्यक्षात कधी दिसतं?

नकाशावाला (मूळ प्रश्न)

वेगळ्या किनाऱ्यांच्या याद्या नेटवर पोत्याने सापडतात. गुलाबी वाळू, हिरवी वाळू, काळी वाळू, रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा, गरम पाण्याचे खड्डे. पण तिथे गेल्यावर हे खरंच दिसतं का, आणि कोणत्या वेळी, हे मात्र कुठल्याच यादीत नसतं. एकाच किनाऱ्याचा एक फोटो भडक गुलाबी असतो आणि खालीच कुणीतरी लिहितो, 'साधी पिवळट वाळू आहे, फसवणूक'. दोघंही खोटं बोलत असतील असं वाटत नाही.

म्हणून थेट विचारतो. वाळूचा रंग कशामुळे येतो आणि त्यावरून तो कधी उठून दिसेल हे ठरवता येतं का? ओहोटीलाच दिसणाऱ्या जागांसाठी तक्ता कसा वाचायचा? कुठल्या जागा याद्यांमध्ये आहेत पण आता बंद आहेत किंवा ठरावीक माणसांनाच सोडतात? आणि खरोखर जिवावर बेतणाऱ्या कुठल्या?

हॉटेल आणि विमानाचं तिकीट बाजूला ठेवू. त्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

खडकवाचक

रंगाचं सांगतो. वाळूची दोन माहेरं: खडक आणि कवच. खडकातून आलेल्या वाळूचा रंग खनिजाचा असतो, तो बराच टिकतो. कवचाच्या वाळूचा रंग मेलेल्या जिवाचा असतो, तो फिका पडत जातो आणि नवा माल येत राहिला तरच दिसतो. 'भडक गुलाबी' आणि 'फसवणूक' या दोन्ही प्रतिक्रिया एकाच किनाऱ्याला मिळतात त्या यामुळेच.

गुलाबीपासून सुरू करू. बहामातल्या हार्बर आयलंडचा गुलाबी रंग होमोट्रेमा रुब्रम नावाच्या एकपेशीय जिवाच्या लाल कवचांमुळे येतो. हा जीव फोरामिनिफेरा गटातला, प्रवाळखडकांच्या खालच्या बाजूंना चिकटून वाढतो. लाटांनी कवचं सुटतात, फुटतात आणि पांढऱ्या प्रवाळचुऱ्यात मिसळतात. म्हणजे मुळात वाळू पांढरी, लाल कण फक्त पेरलेले. क्रीटच्या एलाफोनिसीला हाच प्रकार आहे, पण तिथला गुलाबी रंग पाण्याच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो, सगळा किनारा गुलाबी नाही. इंडोनेशियातल्या कोमोडोच्या पांताई मेराला लाल कवचांच्या जोडीला लाल प्रवाळाचे तुकडेही असतात.

यातून वेळ काढता येते. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद दिसते, त्यामुळे लाट नुकतीच ओसरलेल्या पट्ट्यात रंग सर्वांत जास्त भरतो. टळटळीत दुपारी पांढऱ्या कणांची चकाकी लाल कणांना गिळून टाकते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा, पाण्याच्या कडेला उभे राहा आणि नजर खाली ठेवा. तरीही शंका असेल तर मूठभर वाळू तळहातावर पसरून दहापट भिंगातून पाहा. लाल ठिपके दिसले तर किनारा खरा आणि फोटोवाल्याने फक्त रंग वाढवलेत. पाहून झालं की मूठ तिथेच झटका. का, ते खाली कुणीतरी लिहीलच.

हिरवा: हवाईच्या मोठ्या बेटावरचं पापाकोलेआ. रंग ऑलिव्हिन या खनिजाचा. पुऊ महाना नावाच्या जुन्या राखेच्या टेकडीचा अर्धा भाग समुद्राने खाल्ला आहे. त्यातली हलकी राख आणि काचकण लाटा ओढून नेतात, जड ऑलिव्हिन मागे राहतं. धान्य पाखडावं तसंच, फक्त सूप लाटांचं. पण पन्नासारखा हिरवा रंग मनात धरून जाऊ नका. तो खाकीकडे झुकलेला हिरवा आहे. इथे मात्र गुलाबीच्या उलट, डोक्यावरचं ऊन फायद्याचं, कारण ऑलिव्हिनचे कण पारदर्शक असतात आणि उजेड आरपार गेला की हिरवे होतात. ढगाळ दिवशी किनारा मळकट दिसतो. चालत एका बाजूने साधारण ४ किलोमीटर, सावली नाही, पाणी नाही, वारा सतत. माणशी दोन लिटर पाणी लागतं. शेवटी वाटीसारख्या कड्यातून तीव्र उतार आहे आणि खाली जीवरक्षक नाही.

काळ्यात दोन प्रकार आहेत, ते एकत्र करू नका. हवाईच्या पुनालुऊसारख्या ठिकाणी तप्त लाव्हा समुद्रात शिरताच तडकून त्याचा चुरा झाला, त्यातून वाळू बनली. ही वाळू एकदाच मिळते. लाव्हा यायचा थांबला की नवा पुरवठा बंद. उलट लाव्हा परत आला तर किनाराच गाडला जातो. तिथलाच काइमूचा प्रसिद्ध काळा किनारा १९९० मध्ये लाव्ह्याखाली गेला, आणि २०१८ च्या उद्रेकात पोहोइकीला एक नवाकोरा काळा किनारा तयार झाला. जुन्या माहितीपुस्तकावर भिस्त ठेवली तर इथे तोंडघशी पडाल. दुसरा प्रकार न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पश्चिमेचा, पिहाचा. तिथे लोहयुक्त खनिज भरपूर, इतकं की चुंबकाला वाळूची मिशी फुटते. चुंबक नेलंत तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या, नाहीतर कण निघता निघत नाहीत. आणि उन्हाळ्यात काळ्या वाळूवर अनवाणी चालण्याचा हट्ट नको. दुपारी तळवे अक्षरशः भाजतात.

जांभळा: कॅलिफोर्नियातल्या बिग सुरजवळचा फायफर बीच. रंग गार्नेट या खनिजाचा, मागच्या टेकड्यांतून झिरपत येतो. सगळा किनारा जांभळा नाही, फक्त रेघा. हिवाळी वादळांनंतर त्या ठळक होतात, कारण पावसाने नवा गार्नेट खाली येतो आणि लाटा हलकी वाळू बाजूला करतात. ऑगस्टमध्ये जाऊन 'जांभळं काहीच नाही' म्हणणारे बरेच आहेत.

पांढऱ्याचंही तेच. ऑस्ट्रेलियाचा व्हाइटहेवन म्हणजे सुमारे ९८ टक्के सिलिका. मालदीवची पांढरी वाळू मात्र प्रवाळ आणि कवचांची, आणि तिचा मोठा वाटा पोपटमाशांच्या पोटातून आलेला. हे मासे प्रवाळ कुरतडतात, दळतात आणि उरलेला चुरा बाहेर टाकतात. मोठा मासा वर्षाला काहीशे किलो वाळू तयार करतो. मधुचंद्राच्या फोटोंखाली हे कुणी लिहीत नाही ते सोडा.

सिलिकाची बारीक, गोल, स्वच्छ वाळू पायाखाली कुरकुरते किंवा शिट्टीसारखी वाजते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला स्क्वीकी बीच आणि जपानच्या शिमाने प्रांतातला कोतोगाहामा यासाठीच ओळखले जातात. अट अशी की वाळू पूर्ण कोरडी हवी आणि कणांवर धूळ-माती नको. म्हणून पाऊस पडून वाळू धुतली गेली आणि नंतर एक-दोन दिवस कडक ऊन पडलं की आवाज उत्तम. टाच घासत चाला, नुसती पावलं टाकून काही होत नाही. लाटेने भिजलेल्या पट्ट्यात आवाज नाही. 'काहीच वाजलं नाही' म्हणणारे बहुतेक तिथेच चालत असतात.

---

उधाण

वेळापत्रकाचं माझ्याकडे.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दोन जागा घ्या, म्हणजे मुद्दा पक्का बसेल. गॅलिशियात रिबादेओजवळ आस कातेद्रायस: समुद्राने कोरलेल्या दगडी कमानी, काही ३० मीटरच्या आसपास उंच. त्यांच्याखालून चालायचं तर ओहोटीच हवी. भरतीला वरच्या कड्यावरून नुसतं पाणी दिसतं. अस्तुरियासमधलं गुल्पियुरी याच्या बरोबर उलट. समुद्रापासून सुमारे १०० मीटर आत, कुरणाच्या मधोमध, छत कोसळलेल्या चुनखडीच्या खड्ड्यात एक चिमुकली पुळण आहे. पाणी जमिनीखालच्या भेगांतून येतं. ओहोटीला गेलात तर कोरडी वाळू आणि डबकं. तिथे भरती गाठायची. दोन्ही जागा एकाच दिवशी करायच्या असं ठरवणारे लोक बहुधा एकीकडे चुकीच्या वेळी पोचतात. मधलं अंतर तासाभराचं नाही, त्यामुळे एकीकडे ओहोटी पाहून पुढच्या भरतीला, म्हणजे सुमारे सहा तासांनी, दुसरीकडे पोचायचा हिशेब मांडा. त्यातही अंधार पडणार नाही ना ते बघा.

तक्ता वाचताना तीन चुका हमखास होतात.

पहिली घड्याळाची. अनेक अधिकृत तक्ते जागतिक प्रमाणवेळेत असतात. स्पेनमध्ये उन्हाळ्यात स्थानिक घड्याळ त्याच्या दोन तास पुढे असतं. तक्त्यात ओहोटी १० ची असेल तर ती घड्याळात १२ ला. हे न पाहता गेलात तर कमानींखाली अजून कंबरभर पाणी असेल, आणि तुम्ही तक्त्याला शिव्या द्याल.

दुसरी चूक म्हणजे फक्त वेळ पाहणं, उंची न पाहणं. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती येते, तेव्हा ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आस कातेद्रायसच्या आतल्या गुहा भांगाच्या दिवसांत नीट उघड्या पडतच नाहीत. स्पेन-फ्रान्सच्या तक्त्यांत भरतीच्या जोराचा २० ते १२० असा गुणांक छापलेला असतो. ९० च्या पुढचा दिवस निवडा.

तिसरी चूक ओहोटीच्या ठोक्याला पोचण्याची. तोपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. ओहोटीच्या दीड तास आधी खाली उतरा, पाणी फिरलं की परत निघा. यासाठी बाराचा नियम पाठ करा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. समजा फरक ४ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटिमीटर चढतं, सगळे निवांत असतात. तिसऱ्या तासात एकदम १ मीटर. माणसं अडकतात ती इथे, कारण पहिल्या तासावरून त्यांनी अंदाज बांधलेला असतो. शिवाय पाणी समोरून येईल असं आपण धरतो. ते मागच्या खोलगट भागातून आधी येतं आणि परतीची वाट कापतं.

हवेचा दाबही पाहा. दाब १ हेक्टोपास्कलने घसरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर वर येते. वादळाच्या दिवशी ३० सेंटिमीटर सहज जास्त भरतात, ते तक्त्यात नसतात.

आता गरम पाण्याचं. न्यूझीलंडच्या कोरोमंडल द्वीपकल्पावरचा हॉट वॉटर बीच. वाळूखालच्या दोन भेगांमधून ६४ अंश सेल्सियसपर्यंतचं पाणी येतं. खड्डा खणायची मुभा ओहोटीच्या आधी दोन आणि नंतर दोन तास, एवढीच. संपूर्ण किनाऱ्यावर गरम पाणी नाही, खडकांसमोरच्या छोट्याशा पट्ट्यातच आहे. कुठेही खणलंत तर थंड चिखल मिळतो. पाय वाळूत घुसळून ऊब लागते का ते आधी पाहा. फावडं लांब दांड्याचं हवं. खड्डा उथळ आणि पसरट ठेवा, निघालेली वाळू समुद्राच्या बाजूला बांधासारखी रचा आणि एका कडेने थंड पाणी आत घ्यायला चर सोडा. चर नसेल तर ६४ अंशांचं पाणी आणि तुमची कातडी यांच्यामध्ये काहीच उरत नाही. बसायच्या आधी हाताने, उभं राहायच्या आधी पायाच्या बोटाने अंदाज घ्या. लाटा मोठ्या असतील तर ओहोटीतही बांध टिकत नाही, तो दिवस सोडून द्या. आणि गरम झालात म्हणून समोरच्या समुद्रात उडी मारू नका, तिथे ओढ जबर आहे.

दिवसात दोन ओहोट्या असतात हे लोक विसरतात. दुपारची गर्दीची असेल तर पहाटेची किंवा रात्रीची पाहा. पुढच्या दिवशी वेळ साधारण ५० मिनिटांनी सरकते.

त्याच देशात मोएराकीचे गोल दगड आहेत, ओटागोच्या किनाऱ्यावर. काहींचा व्यास २ मीटरपर्यंत. ते लाटांनी घासून गोल झालेले नाहीत. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात कॅल्साइट साचत साचत गोळे वाढले, आता चिखलाचा खडक झिजतोय आणि गोळे बाहेर पडतायत. तेही ओहोटीलाच बघा, भरतीत अर्धे बुडतात.

---

खारफुटी

एक दुरुस्ती याद्यांसाठी. चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातला पांजिनचा 'लाल किनारा' वाळूच्या किनाऱ्यांत टाकतात. तिथे लाल वाळू नाही. ती खाऱ्या दलदलीत वाढणारी सुएडा ही वनस्पती आहे. उन्हाळ्यात हिरवट असते, शरदात लाल होते. सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून गेलात तर ज्यासाठी गेलात ते नाही. लाकडी मार्गिकांवरूनच पाहायचं, पोहण्याचा काही संबंध नाही.

खरीखुरी लाल वाळू हवी असेल तर हवाईत माउई बेटावरचं काइहालुलू. पण वाट सुट्या खडीची आणि घसरडी आहे.

---

नकाशावाला

उधाण, बाराचा नियम सगळीकडे चालतो का? एलाफोनिसीसाठी तक्ता शोधला, आकडे हास्यास्पद लहान येतायत. काहीतरी चुकतंय का?

---

उधाण

चुकत नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आतच. तिथे तक्ता बाजूला ठेवा आणि वारा पाहा, पाण्याची कड वाऱ्यानेच जास्त हलते. एलाफोनिसीच्या बेटावर उथळ पाण्यातून चालत जाता येतं, पण समुद्रावरून जोराचा वारा सुटला की तेच पाणी कमरेपर्यंत येतं.

बाराचा नियम दिवसातून दोनदा, सारख्या अंतराने भरती येते तिथेच चालतो. काही समुद्रांत चोवीस तासांत एकच भरती असते. चिंचोळ्या खाड्यांतही पाणी वेगळ्या तालावर चढतं. अशा ठिकाणी तासातासाचा आलेख बघा.

---

सातवी_लाट

धोक्याचं. आधी माझ्याच नावाचा निकाल लावतो: 'दर सातवी लाट मोठी असते' यात तथ्य नाही. मोजत बसू नका.

आइसलंडचा रेनिस्फ्यारा, वीक गावाजवळचा. काळी वाळू, बेसाल्टचे षटकोनी खांब, समुद्रात उभे सुळके. फोटोंमुळे लोक येतात आणि दर काही वर्षांनी कुणीतरी परत जात नाही. कारणं समजून घ्या, म्हणजे पाटीवरचा मजकूर कंटाळवाणा वाटणार नाही. समोर मोकळा अटलांटिक आहे, दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा न अडता येतात. किनाऱ्याचा तळ झपकन खोल होतो, त्यामुळे लाट लांब फुटत नाही, थेट पायाशी येऊन आपटते. दहा-पंधरा लाटा लहान येतात, मग दोन लाटांची ताकद एकमेकींवर चढते आणि पाणी नेहमीपेक्षा कितीतरी वर धावतं. एरवी ओल्या वाळूच्या रेषेवरून पाण्याची हद्द कळते. काळ्या वाळूत ओलं-कोरडं चटकन ओळखू येत नाही, म्हणून तोही इशारा हुकतो.

एकदा पाय सुटले की पाण्याबरोबर खडी कपड्यांत आणि बुटांत भरते, वजन वाढतं, परतणारं पाणी उतारावरून ओढतं. बर्फाळ पाण्याने श्वास अडकतो. पोहता येण्याचा इथे उपयोग नाही.

काय करायचं: वाटेवर दिव्यांचा फलक आहे. लाल असेल तर खाली उतरायचं नाही, वरूनच पाहायचं. पिवळा असेल तर आखलेल्या हद्दीच्या आत राहा. हिरवा असला तरी पाण्यापासून किमान ३० मीटर. समुद्राकडे पाठ करून फोटो नाही, गुहेत शिरून पाण्याकडे दुर्लक्ष नाही. तिथल्या खांबांवर चढून बसणारे लोक उतरायला जागा नसताना लाटेत सापडतात. लाटांचा अंदाज पाहताना नुसती उंची पाहू नका, दोन लाटांमधला काळही पाहा. २ मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर चिल्लर, तीच १४ सेकंदांची असेल तर खूप पाणी वर ढकलते.

त्याच देशातला डायमंड बीच वेगळ्या कारणाने फसवतो. योकुल्सार्लोन सरोवरातले हिमनदीचे तुकडे छोट्या प्रवाहातून समुद्रात जातात आणि लाटा त्यांना काळ्या वाळूवर परत फेकतात. किती तुकडे असतील ते वारा आणि भरतीवर ठरतं. एखाद्या दिवशी शेकडो, एखाद्या दिवशी चार. ओहोटीला जास्त तुकडे वाळूवर अडकलेले मिळतात. त्यांच्यावर चढू नका. काही क्विंटलचा तुकडा एका लाटेने उलटतो.

कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनचा माहो बीच: डोक्यावरून विमानं उतरतात. सगळे उतरणाऱ्या विमानाला घाबरतात, धोका उडणाऱ्याचा. धावपट्टीच्या टोकाला कुंपण आहे, विमान किनाऱ्याकडे शेपूट करून इंजिनं पूर्ण जोराने चालवतं आणि तो झोत माणसाला उचलून आपटतो. २०१७ मध्ये कुंपणाजवळची एक पर्यटक यातच दगावली. कुंपणापासून बाजूला, झोताच्या रेषेबाहेर उभे राहा.

व्हाइटहेवन आणि एकूण उत्तर क्वीन्सलंड: साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा हंगाम. पूर्ण अंगाचा पातळ पोशाख घालूनच पाण्यात. डंख झाला तर आधी व्हिनेगर ओता, चोळू नका, गोडं पाणी लावू नका. चोळल्याने न फुटलेल्या डंखपेशी फुटतात आणि विष वाढतं.

आणि कुठेही परतीच्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. तो प्रवाह अरुंद असतो, दमणारा माणूस त्याच्याशी सरळ भांडणारा असतो.

---

काजवा

चमकणाऱ्या लाटांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

मालदीवचं वाधू बेट यात प्रसिद्ध झालं. लोक समजतात तिथे रोज रात्री दिवे लागतात. तसं नाही. पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव ढवळले गेले की क्षणभर निळा प्रकाश सोडतात. ते दाट संख्येने असतील तरच लाट चमकते, आणि ते आज इथे तर उद्या दुसऱ्या बेटाजवळ. हमखास दिसण्याची शक्यता हवी असेल तर पोर्तो रिकोतल्या व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे बरा. त्या खाडीचं तोंड अरुंद आहे, आतले पायरोडिनियम नावाचे चमकणारे जीव वाहून जात नाहीत, कडेची खारफुटी त्यांना पोसते. तिथे पोहायला बंदी आहे, कयाकमधूनच पाहायचं. वल्हं फिरवलं की पाणी पेटतं.

रात्र अमावास्येच्या आसपासची निवडा. पौर्णिमेला जाणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत चंद्र उशिरा उगवतो, तेव्हा संध्याकाळचे पहिले काही तास मिळतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून. विजेरी लाल उजेडाची हवी.

फोटोत दिसणारा गडद निळा डोळ्याला फिकट, राखाडी-निळा दिसतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाही, कॅमेरा मात्र दहा-वीस सेकंद प्रकाश साठवतो. तिपाई, भिंग एफ २.८ किंवा त्याहून उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, १० ते २५ सेकंद, फोकस हाताने. आधी दूरच्या दिव्यावर फोकस लावून ठेवा, अंधारात तो सापडत नाही. दिवसा पाणी लालसर-तपकिरी दिसत असेल तर रात्री चमक असण्याची शक्यता मोठी, पण अशा पाण्यात उतरू नका, काही जातींचं विष कातडीला आणि श्वासाला त्रास देतं.

फोटोंचाच विषय निघालाय तर: काळ्या वाळूवर कॅमेरा आपणहून चित्र उजळतो आणि वाळू करडी होते. एक्स्पोजर साधारण एका पायरीने कमी करा. पांढऱ्या वाळूवर उलट, एका पायरीने वाढवा.

---

फाटकाबाहेर

बंद आणि मर्यादित जागा, लक्षात आहेत त्या.

सार्डिनियाजवळच्या बुदेल्ली बेटावरची गुलाबी पुळण १९९० च्या दशकापासून बंद. लोकांनी बाटल्या भरभरून वाळू नेली. लांबून होडीतूनच बघायची. सार्डिनियात कुठल्याही किनाऱ्यावरची वाळू, खडे, शिंपले नेणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे, दंड ५०० ते ३,००० युरो. २०१९ मध्ये एका जोडप्याच्या गाडीत १४ बाटल्यांत ४० किलो वाळू सापडली होती. हवाईतही वाळू नेण्यास मनाई. खडकवाचकांनी 'मूठ झटका' म्हटलं ते यासाठी.

ग्रीसच्या झाकिन्थॉसवरचा नावाजियो, गंजलेल्या जहाजाचा. १९८० मध्ये 'पानायोतिस' हे जहाज तिथे लागलं. कडे कोसळायला लागल्यावर किनाऱ्यावर उतरणं बंद झालं. वरून किंवा होडीतून पाहता येतं. 'जहाजाला हात लावून या' असं लिहिणारी यादी जुनी समजा.

थायलंडचा माया बे २०१८ च्या जूनमध्ये प्रवाळ सावरण्यासाठी बंद केला, २०२२ च्या जानेवारीत उघडला. होड्या आता मागच्या बाजूने लागतात, पोहायला परवानगी नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी बंद ठेवतात.

मेक्सिकोच्या मारिएटास बेटांवरचा लपलेला किनारा: खडकातल्या बोगद्यातून पोहत आत जायचं, वर आकाशाचं भोक. दिवसाला ११६ जणच, आत अर्धा तास, डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचं. भरती किंवा लाटा असतील तर बोगद्याचं छत आणि पाणी यात जागा उरत नाही, फेरी रद्द होते. म्हणून मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं आरक्षण करा, म्हणजे रद्द झाली तरी पुढचा दिवस हातात राहतो.

आस कातेद्रायसला ईस्टरच्या आठवड्यात आणि जुलै ते सप्टेंबर आधी नोंदणी लागते. फुकट आहे, पण दिवसाला ४,८१२ जागा. आधी ओहोटीचा तक्ता, मग नोंदणी. उलट केलंत तर परवाना मिळेल आणि कमानी पाण्यात असतील.

कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगचा ग्लास बीच: १९०६ ते १९६७ गावाचा कचरा समुद्रात टाकत, त्यातल्या काचा घासून गोटे झाले. उद्यानाच्या हद्दीतून काच उचलायला बंदी आहे, तरी लोकांनी इतकी उचलली की जुन्या फोटोंइतकी दाट आता नाही. नवी काच येणार नाही, कुणी कचरा टाकत नाही म्हणून. विचित्र अडचण आहे.

---

नकाशावाला

भरपूर झालं, आभार. एकच राहिलं. जपानच्या ओकिनावाची ताऱ्याच्या आकाराची वाळू नुसत्या डोळ्यांनी दिसते का, की भिंग लागतं?

---

खडकवाचक

दिसते. ताकेतोमी बेटावरचा काइजी किनारा किंवा इरिओमोतेचा होशिझुना. तारे म्हणजे बाकुलोजिप्सिना या फोरामिनिफेराची कवचं, एक-दोन मिलिमीटरची. वाळू चिमटीत उचलून शोधत बसू नका. तळहात किंचित ओला करून वाळूवर हलका दाबा आणि उलटा करून पाहा, चिकटलेल्या कणांत टोकं असलेले लगेच कळतात. खूप तुडवलेल्या जागी टोकं झिजलेली असतात, म्हणून खडकांच्या आडोशाला दाबा. भिंग असेल तर उत्तम, टोकांची संख्या मोजता येते. बहुतेक पाच-सहा असतात.

---

उधाण

जाता जाता, तक्त्यावर चालणारं विमानतळही आहे. स्कॉटलंडचं बारा बेट, त्राय मोर किनारा. नियमित प्रवासी विमानं थेट वाळूवर उतरतात, तीन धावपट्ट्या, भरतीत तिन्ही पाण्याखाली. त्यामुळे विमानांच्या वेळा ओहोटीप्रमाणे बदलतात. वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर वाळूवर शिंपले वेचायला उतरायचं नाही, विमान येणार आहे.